स्टेडियमसाठी घेतलेली उचल

आमच्या गावात स्टेडियम आहे असं बाहेर कुठं बोललो की लोक आधी हसतात. बीड जिल्हा म्हटलं की त्यांना ऊसतोड आठवते, टँकर आठवतात, पुढारी आठवतात. फुटबॉल कुणाच्या डोक्यात येत नाही. न येईना का. निजामाच्या काळात आमच्याकडे घोडदळाची छावणी होती. छावणी उठली, घोडे गेले, परेडचा माळ तेवढा राहिला, आणि शिपायांनी गावच्या पोरांना लावलेलं फुटबॉलचं वेड राहिलं. माझ्या तरुणपणी आमचा क्लब जिल्ह्यातला सगळ्यात मोठा होता. परभणीचे, नांदेडचे संघ त्या माळावर येऊन हरून गेलेले मी स्वतः बघितलेत, आणि यात एक अक्षर वाढवून सांगत नाही.

मी त्या क्लबचा सचिव होतो. सचिव म्हणजे काय, तर चेंडूत हवा भरायची, संघाची यादी लिहायची आणि हरलो की शिव्या खायच्या. पोटासाठी एका सहकारी पतसंस्थेत कारकुनी करायचो. खेळायचोही, पण माझा खेळ म्हणजे कुणीच मिळालं नाही तर उभा करायचा माणूस. आमच्यातला खरा खेळाडू एकच, तो म्हणजे गोलकीपर. तो शेजारच्या वस्तीवरचा, माझा लहानपणापासूनचा दोस्त. हात एवढे लांब की आंघोळीला बसला की स्वतःची पाठ स्वतःच चोळायचा. चेंडू कुठून येणार हे मारणाऱ्याच्या आधी त्याला कळायचं, ते कसं, हे त्याला कधी सांगता आलं नाही.

त्याला पोलिसात जायचं होतं. दोनदा भरतीला जाऊन आलता आणि दोन्ही वेळा थोडक्यात राहिलता. भरतीत खेळाडूंच्या वेगळ्या जागा असायच्या, पण त्यासाठी राज्य पातळीवरच्या स्पर्धेचं प्रमाणपत्र लागायचं. जिंकायची अट नव्हती, नुसतं खेळलेलं असलं तरी चालायचं. आता त्या स्पर्धा व्हायच्या पुण्या-मुंबईकडं. तिकडं संघ न्यायचा, ठेवायचा, खाऊ घालायचा, हे आमच्या क्लबच्या बापजन्मात जमलं नव्हतं. वयाची अट संपायला त्याच्याकडं एक भरती उरली होती. ती हुकली की बापासारखं दर वर्षी दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊस तोडायला जायचं, दुसरा रस्ता नव्हता. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि त्याला तर आमच्याहून जास्त.

अशात एका उन्हाळ्यात राज्याच्या फुटबॉल संघटनेचं पत्र आलं. राज्याची स्पर्धा यंदा मराठवाड्यात द्यायची आहे, तुमचं मैदान सुधारलं तर दसऱ्याला तुमच्याकडे भरवू, आणि यजमान म्हणून तुमच्या संघाला थेट प्रवेश. तारेचं कुंपण पाहिजे, कपडे बदलायला दोन खोल्या पाहिजेत, लोकांना बसायला पायऱ्यांची गॅलरी पाहिजे. मी पत्र मोठ्यानं वाचलं.

"वाच बे परत," गोलकीपर म्हणाला.

मी तीनदा वाचलं. तो उठला आणि एका गोलपोस्टापासून दुसऱ्यापर्यंत पावलं मोजत गेला, जशी काही ती जमीन त्याच्या नावावर होणार होती. प्रमाणपत्र त्याच्या गावात चालत येणार होतं. आम्ही फक्त मैदान नीट करायचं होतं.

आम्ही साखर कारखान्याच्या चेअरमनकडं गेलो. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो, नाहीतर पुढं वाचताना तुम्ही त्यांच्यावरच सगळं ढकलाल. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा पाजला, ओव्हरसिअरनं काढून दिलेला खर्चाचा कागद चष्मा लावून वाचला. म्हणाले, "खेळाला आमी न्हाई म्हणणार न्हाई. निम्मे तुमी उभे करा, निम्मे कारखाना देईल. ऊसबिलातून टनामागं थोडी कपात लावू. सभासदाला कळणार बी न्हाई." आम्ही खूश होऊन बाहेर आलो. सहकारात दिवसभर कागद वाचणारा माणूस मी, पण टनामागं म्हणजे किती टन, हे विचारायचं मला सुचलं नाही. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस रुसलेला. माजलगावच्या धरणाचा तळ दिसायला लागलेला. उभा ऊस जनावरांच्या चाऱ्याला तोडून चाललेला. आणि मी टनावर विसंबून बसलेला. मूर्खपणाला पगार असता तर पतसंस्थेपेक्षा मला तिकडंच जास्त मिळाला असता.

आमचे निम्मे उभे करायला आम्ही पावतीपुस्तकं छापली. महिनाभर बाजारपेठ पालथी घातली. कापड दुकानदार म्हणाला पाऊस पडू द्या, मंग या. आडत्या म्हणाला माल येऊ द्या, मंग या. डॉक्टरनं दिले, पण असे दिले की परत येऊ नये. जमलेल्या पैशांत कुंपणाचे खांबही आले नसते. संघटनेला काम सुरू झाल्याचं कळवायची मुदत तोंडावर आली होती. आम्ही मैदानावर दगडी रोलरभोवती तोंडं पाडून बसलो होतो, तेव्हा गोलकीपर म्हणाला, "उचल घ्यायची का?"

आमच्याकडं ज्याला ऊसतोडीला जायचं असतं तो मुकादमाकडून आधीच पैसे उचलतो. हंगाम सुरू झाला की ते पैसे फिटेपर्यंत तोडायचं. लग्न असो, दवाखाना असो, घरावर पत्रे टाकायचे असोत, आमच्या भागात लोक बँकेत जात नाहीत, उचल घेतात. संघातली आठ पोरं अशीही दर वर्षी घरच्यांबरोबर तोडीला जायचीच. त्याचं म्हणणं एवढंच होतं की यंदा आम्ही आठ जण आमच्या नावानं उचल घेतो आणि क्लबला देतो. स्पर्धा दसऱ्याला, ट्रक निघणार दिवाळीनंतर. स्पर्धा खेळू, मंग जाऊन फेडू. कारखान्याचे निम्मे आले की त्यातून क्लबनं आम्हाला थोडंथोडं परत करावं. हिशेबात कुठंच चूक दिसत नव्हती. दुनियेत कुणी स्टेडियमला पैसा कसा उभा करतं मला ठाऊक नाही, पण आमच्या आठही जणांना हे सगळ्यात सोपं आणि ओळखीचं वाटलं. मलाही वाटलं. मी तर जायचा नव्हतोच, मला पतसंस्था होती. मला न वाटायला काय झालं.

मुकादम मैदानावर आला, रोलरवर बसला आणि एकेकाला बघून घेतलं. बैलबाजारात दात बघतात तसं तोंड उघडायला लावलं नाही एवढंच. मग म्हणाला, "ही तर सगळी अर्धी कोयती हायत."

हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. उसाच्या फडात कोयता म्हणजे हत्यार नाही, नवरा-बायकोची जोडी. त्यानं तोडायचं, तिनं मोळी बांधायची, दोघांनी मिळून ट्रक भरायचा. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला उचल निम्म्याहूनही कमी. आमचे आठ जण बिनलग्नाचे. मुकादमानं सांगितलेला आकडा ऐकून गॅलरी गेली, खोल्याही गेल्या, नुसतं कुंपण उरलं.

आणि आता मी माझं सांगतो. गोलकीपरचं लग्न ठरलेलं होतं. मुलगी केजकडची, बोलणी झालेली, पण पोराला नोकरी लागू दे मग बार उडवू, म्हणून त्याच्या आईनं पुढच्या वर्षावर ढकललेलं. आणखी दोघांचीही तशीच जमलेली. मी त्या तिन्ही घरी गेलो. क्लबचा सचिव म्हणून गेलो, शर्ट इस्त्रीचा घालून गेलो. गोलकीपरच्या आईला म्हणालो, "काकू, दुष्काळात लग्न स्वस्तात होतं, यंदाच उरकून टाका." घाई कशासाठी ते तिला कळलं होतं. ती म्हणाली, "नोकरीचा कागद मिळंल ना पर त्याला?" मी म्हणालो, मिळंल. तीन लग्नं एका पंधरवड्यात लागली. वरातीत मीच पुढं नाचलो. तीन पुरे कोयते आणि पाच अर्धे, अशी उचल आली आणि मैदानाचं काम सुरू झालं.

खांब उभे राहिले, तार लागली, खोल्यांच्या भिंती आल्या. गॅलरीच्या पायऱ्यांचा स्लॅब पडला त्या दिवशी आम्ही पेढे वाटले. गवंडी हात धुऊन म्हणाला, "आता पंधरा दिवस दोन टाइम पाणी मारा, न्हाईतर सिमेंट धरणार न्हाई." पावसाळ्याचे दिवस होते आणि आभाळात ढग नावालाही नव्हता. गावाला टँकर आठवड्यातून एकदा. आम्ही टँकरवाल्याला गाठून दोन पिंपं मैदानावर उतरवून घेतली. पहिली बादली उचलली आणि तारेपलीकडं बघितलं तर बाया उभ्या होत्या, रिकामे हंडे घेऊन. एक म्हातारी म्हणाली, "लेकरं तहानली अन् तुमी सिमिटाला पाणी पाजता व्हय रं?" ओरडली नाही. ओरडली असती तर आम्हीही ओरडलो असतो, तेवढं आम्हाला येत होतं. आम्ही बाजूला झालो. बायांनी दोन्ही पिंपं भरून नेली.

मग पोरं आपापल्या घरून आंघोळीचं वापरलेलं पाणी आणायला लागली. साबणाचं, गढूळ, कळशीभर, दोन कळश्या. ते एवढ्या मोठ्या गॅलरीला कुठं पुरणार? आठ दिवसांत पायऱ्यांवर चिरा दिसायला लागल्या. कडेला अंगठा घासला की पीठ पडायचं. गोलकीपर रोज येऊन अंगठा घासायचा आणि माझ्याकडं बघायचा. मी म्हणायचो, काही होत नाही, चालतंय, खालच्या चार पायऱ्यांवर बसवू लोकांना. मला त्यातलं काही कळत नव्हतं.

चेअरमनकडं निम्म्याची आठवण द्यायला गेलो तर त्यांनी पुन्हा चहा पाजला. म्हणाले, "यंदा बॉयलर पेटणार न्हाई. ऊसच न्हाई तर गाळप कशाचं? मी टनामागं म्हणलतो, आठवतंय ना? आता टन आणू कुठून?" खोटं काहीच नव्हतं. कारखान्याच्या कामगारांचेच पगार थकलेले होते, माणूस स्वतःच हबकलेला दिसत होता. भांडावं तर कुणाशी? खोल्यांवर पत्र्यांऐवजी ताडपत्री टाकायचं ठरवून आम्ही परत आलो.

संघटनेचा माणूस बघायला आला. मैदान बघून मान हलवली, गॅलरी बघून मान दुसरीकडं वळवली, पण चालेल म्हणाला. चालणार नव्हतं ते वेगळंच. दसऱ्याला पंधरा दिवस असताना कळलं की इतक्या संघांना प्यायला, आंघोळीला पाणी देता येणार नाही म्हणून स्पर्धेला परवानगीच मिळाली नाही. पुढं ढकलली. कधीपर्यंत ते कुणी सांगेना. दसरा गेला, दिवाळी गेली. आमच्या चौकात मुकादमाचे ट्रक लागले.

मी मुकादमाच्या हातापाया पडलो, म्हणजे अगदी शब्दशः पाय धरले. त्यानं मला उठवलं. "मास्तर," तो मला उगीच मास्तर म्हणायचा, "मी बी पुढं सांगलीकडच्या कारखान्याला इतके कोयते लिहून दिलेत. कमी पडले तर मला गिळतील ते." आमचा अख्खा बचाव, दोन्ही विंगर आणि गोलकीपर त्या ट्रकांत चढले. गोलकीपरची बायको, लग्नाला चार महिने झालेली, गाठोड्यावर बसली होती. हिरव्या बांगड्या अजून भरगच्च होत्या. बसल्या जागी ती मला म्हणाली, "भावजी, तारीख कळली की लगेच कळवा." मी मान डोलावली.

तारीख कळली ती जानेवारीची. संघटनेनं संघ निम्मे केले होते आणि पाण्याचे टँकर स्वतः आणायचं कबूल करून परवानगी मिळवली होती. खेळायचं तर आता, नाहीतर स्पर्धा दुसऱ्या जिल्ह्याला देऊ. आमच्याकडं उरलेले तीन खेळाडू, हायस्कूलची पोरं आणि मी. बाकीच्यांचं मी मनातून सोडून दिलं, त्यांच्याकडं भरतीसाठी अजून वय होतं. पण गोलकीपरला आणायचंच म्हणून एसटीनं निघालो, दोन गाड्या बदलून सांगलीकडं गेलो आणि विचारत विचारत फड गाठला.

हिरवागार मुलूख. पाटाला पाणी वाहत होतं, आणि मला त्या पाण्याचाच राग आला, खरं सांगतो. बांधाला तोडकऱ्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, धुरकटलेल्या. गोलकीपर उसात होता. हातापायांवर पात्यांनी कापल्याच्या रेघा, बोटं सुजलेली. ज्या हातांनी चेंडू धरायचा ते हे हात. तो म्हणाला, "कावून आला बे? मॅच हाय ना?"

मुकादम तिथंच होता. मी म्हणालो, फक्त आठ दिवसांसाठी सोडा याला. त्याच्या जागी मी थांबतो, मी तोडतो. मुकादमानं सरळ विचारलं, "तुमी कुणासंगं तोडणार?"

मला कळायला वेळ लागला. गोलकीपर म्हणजे अर्धा कोयता नव्हता. आता तो पुरा होता, मीच करवला होता. त्याच्या जागी उभं राहायचं म्हणजे त्याच्या बायकोबरोबर आठ दिवस पहाटेपासून तोडायचं, तिनं माझ्या मोळ्या बांधायच्या, दोघांनी ट्रक भरायचा. फडात शंभर डोळे. मी खाली बघितलं. गोलकीपरही खाली बघायला लागला. अर्धा कोयता असता तर मुकादमानं कदाचित ऐकलंही असतं.

"मी एकटी तोडते," त्याची बायको म्हणाली. ती मोळी बांधता बांधता ऐकत होती. "आठ दिवस हायत ना. दोघांचं मी करते. जाऊ द्या त्यांना."

मुकादमाचाही चेहरा पडला. "पोरी, तोडशील. ट्रक कसा भरशील? मोळी डोक्यावर घेऊन शिडी चढायची, वरती घ्यायला कोण?" तो चिडून नाही, समजावून बोलत होता. "ट्रक अडकला की सगळ्या टोळीचा दिवस जातो. टोळी तुला सुखानं जगू देईल का?" ती पुन्हा मोळी आवळायला लागली, पण तीच मोळी तिनं तीनदा सोडून बांधली.

मला गाडीपर्यंत सोडायला गोलकीपर आला. वाटेत थांबून म्हणाला, "असं कर. माझ्या नावानं तूच उभा राहा. यादीत नाव माझं हायच. संघटनेतलं मला कोण वळखतंय? कागद माझ्या नावचा आला की झालं." मी जरा घाबरलो. तो म्हणाला, "तुझ्यासारखा बावळट गोलमध्ये उभा राहिला तर गोल होतील, होऊ दे. कागदावर गोल लिहीत न्हाईत." आणि हसला. किती महिन्यांनी हसला असेल कोण जाणे. मी हो म्हणालो. त्याच्या खांद्यावर हात ठेवून हो म्हणालो.

यादी तर मीच पाठवली होती, हायस्कूलच्या पोरांसकट; त्यात त्याचं नाव पहिलं होतं, माझं नव्हतंच. मैदानावर टेबल लावून संघटनेचा एक माणूस बसला होता, जाडजूड वही समोर. एकेकाला बोलवायचा, नाव विचारायचा, वहीत लिहायचा. फोटो नाही, दाखला नाही, काही नाही. आमच्या संघटनेचा कारभार तेवढाच होता. माझ्या पुढं हायस्कूलचा एक पोरगा होता, त्याचं झालं. मग मी टेबलासमोर गेलो.

"नाव?"

मी माझं नाव सांगितलं.

त्यानं यादीवरून बोट फिरवलं. "हे यादीत नाही." मी म्हणालो, पहिलं नाव खोडा, तो खेळाडू आलेला नाही, त्याच्या जागी मी. त्यानं गोलकीपरचं नाव खोडलं, वर माझं लिहिलं.

पुढं कैक वर्षं मी स्वतःला समजावत आलो की भीती वाटली, खोटं नाव सांगणं गुन्हा असतो, पकडलो असतो तर क्लब बुडाला असता. भीती वाटली नव्हती. पतसंस्थेत चार महिने पगार नव्हता, दुष्काळात तीही बसल्यातच जमा होती. रांगेत उभं असताना माझ्या मनात आलं होतं की कागद माझ्याही कामाचा आहे. नुसतं मनात आलं होतं, ठरवलं काही नव्हतं. पण त्यानं नाव विचारलं तेव्हा जीभ तयारच होती.

आम्ही सात गोलांनी हरलो. सगळे मी खाल्ले. खालच्या चार पायऱ्यांवर थोडे लोक बसले होते, तेही मध्यांतरानंतर उठून गेले. संध्याकाळी प्रमाणपत्रं वाटली.

पाडव्याच्या पुढं-मागं तोडकरी परत आले. मी दोन दिवस टाळलं, तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो. गोष्ट तयार करून गेलतो. म्हणालो, टेबलावरचा माणूस लई कडक निघाला. शाळेचा दाखला दाखवा म्हणाला. तुझा दाखला माझ्याकडं नव्हता, मग माझंच नाव सांगावं लागलं, नाहीतर संघच बाद झाला असता.

गोलकीपर उंबऱ्यावर बसला होता. त्यानं उंबऱ्याच्या कडेवर अंगठा घासला. मग म्हणाला, "तुझा इलाज न्हवता बे. जाऊ दे."

त्याची बायको ज्वारी पाखडत होती. ती थांबली. बांगड्या आता दोन-दोनच राहिल्या होत्या. तिनं माझ्याकडं बघून विचारलं, "भावजी, दाखला त्यानं तुमी नाव सांगायच्या आधी मागितला का मागून?"

ही गोष्ट तयार करताना मला हा प्रश्न सुचला नव्हता. मी म्हणालो, "आधी... म्हणजे आधीच." माझा आवाज मलाच ऐकू आला. ती बघत राहिली.

"तू पाखड," गोलकीपर तिला म्हणाला. "त्याला कावून इचारती? तिथं त्यो हुता ना."

ती पाखडायला लागली. मला माहीत होतं की तिला कळलंय. त्याला कळलं होतं का, हे मी आजही सांगू शकत नाही. ते कळणं मी त्याच्या तोंडावर कधी शोधलंच नाही, हिंमत झाली नाही.

पुढच्या भरतीची जाहिरात उन्हाळ्यात आली. त्यानंही शेवटची म्हणून अर्ज भरला, कागदाशिवाय. मी कागद जोडून भरला. भरतीत पळायला लागतं आणि मला पळता येत नव्हतं, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तो पहाटे माझ्या दारात यायचा, मला उठवायचा, मैदानावर न्यायचा आणि कुंपणाच्या कडेनं माझ्याबरोबर पळायचा. मला धाप लागून मी थांबलो की माघारी यायचा, पाठीत बुक्की घालायचा आणि म्हणायचा, "पळ बे, थांबू नको. दोघांतल्या एकाचं तरी लागू दे." महिनाभर त्यानं मला पळवलं. खुल्या जागांच्या यादीत तो थोडक्यात राहिला. खेळाडूंच्या यादीत माझं नाव लागलं. मी हजर व्हायला निघालो तेव्हा त्याची मागची उचल फिटायची राहिली होती. क्लबनं त्यातला एक पैसाही परत केला नव्हता, आणि क्लबचा सचिव मीच होतो.